रस्ता नसलेल्या गावाचा स्टँड

एसटी महामंडळात मी 31 वर्षे नोकरी केली आणि त्यांतील शेवटची 12 वर्षे कोकणातल्या एका आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. गेल्या उन्हाळ्यात ओटावाला मुलाकडे गेलो असताना त्याने विचारले, ‘बाबा, या वेळी कुठे जायचं?’ नायगारा आमचा आधीच झालेला असल्याने मी थट्टेने म्हणालो, की जिथे गाडीच जात नाही असे एखादे गाव दाखव. चिरंजीवांनी ते मनावर घेतले आणि नकाशावर कॅनडाच्या ईशान्य टोकाला असलेल्या नुनावुत प्रदेशावर बोट ठेवले. हा प्रदेश महाराष्ट्राच्या जवळजवळ सातपट मोठा असून 2021 च्या जनगणनेत तिथे सुमारे 37 हजार माणसे होती. त्यांत बहुसंख्य इन्युइट, म्हणजे या बर्फाळ प्रदेशाचे मूळ रहिवासी आहेत. गावे अवघी 25 आणि त्यांतल्या कोणत्याही दोन गावांना जोडणारा रस्ता नाही. उन्हाळ्यातले काही आठवडे समुद्र मोकळा झाला की जहाज येते. एरवी माणूस, टपाल, दूध, औषध, जे काही येते-जाते ते विमानाने.

बाफिन बेटावरचे पँगनर्टंग हे गाव आम्ही निवडले. तिकिटे काढताना मुलाचा चेहरा पडला, कारण दोघांच्या तिकिटांत भारतात जाऊन येता आले असते. सौ.ने थंडीचे नाव ऐकताच नातीला सांभाळण्याची जबाबदारी आपण होऊन स्वीकारली. मात्र ज्या बाईंच्या घरी आम्ही उतरणार होतो त्यांच्यासाठी भाजणीच्या चकल्यांचा डबा तिने न विसरता माझ्या बॅगेत भरला.

पहिला दिवस: ओटावा ते इकालुइट

ओटावाच्या विमानतळावर उत्तरेच्या विमानाची रांग कोणती, हे विचारावे लागले नाही. त्या रांगेत सुटकेसेस कमी आणि चिकटपट्टीने गुंडाळलेली खोकी, प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पेट्या, बाळाच्या लंगोटांचे गठ्ठे आणि डोनटचे डबेच जास्त होते. प्रत्येक खोक्यावर जाड शाईने नाव आणि गाव लिहिलेले होते. गणपतीला मुंबईहून कोकणात निघालेल्या चाकरमान्यांच्या गाडीच्या टपावर जे सामान असते, त्याच जातीचे हे सामान, हे मी लगेच ओळखले.

तीन तासांचा, दोन हजार किलोमीटरांहून थोडा अधिक प्रवास आहे. क्वेबेकच्या उत्तर भागात कुठेतरी झाडे विरळ होत होत संपतात, मग नुसता खडक आणि तळी दिसतात, आणि हडसन सामुद्रधुनी ओलांडली की बाफिन बेट येते. इकालुइट ही नुनावुतची राजधानी, 2021 च्या जनगणनेत वस्ती साडेसात हजारांच्या आत. गावाच्या मानाने धावपट्टी अवाढव्य, 2,600 मीटरांहून लांब. तिचे कारण युद्धात आहे. युरोपकडे विमाने नेताना वाटेत उतरायला जागा हवी म्हणून अमेरिकी हवाई दलाने 1942 साली ही धावपट्टी बांधायला घेतली आणि सपाट जागा शोधून देण्यासाठी नाकासुक नावाच्या स्थानिक इन्युइट माणसाची मदत घेतली. गावातल्या एका शाळेला आज त्यांचे नाव आहे. तेव्हा इथे शहर नव्हते, मासेमारीची जागा होती. इकालुइट या नावाचा अर्थच ‘पुष्कळ माशांची जागा’ असा आहे. म्हणजे आधी विमानतळ झाला आणि त्याच्या कडेने राजधानी वाढली. एखाद्या फाट्यावर आधी एसटीचा थांबा होतो, मग चहाची टपरी येते आणि मग बाजारपेठ उभी राहते, तसाच हा प्रकार.

लांब धावपट्टी आणि हमखास थंडी यांमुळे एअरबसने 2006 साली ए-380 हे आपले प्रचंड विमान थंडीच्या चाचणीसाठी इथेच आणले होते. नवी इमारत 2017 सालची आहे. जुनी पिवळीधमक इमारत अजून उभी आहे आणि दुरून पाहिल्यास ती खेळण्यातली वाटते. पाट्यांवर इंग्रजी आणि फ्रेंचच्या बरोबरीने इनुक्टिटुट भाषेची त्रिकोण, हूक आणि वळणांची लिपी आहे. विमानतळाला त्या भाषेत ‘मित्तार्विक’ म्हणतात, म्हणजे उतरण्याची जागा.

ज्यांना जायचे असेल त्यांनी विमानाआधी मुक्कामाची जागा पक्की करावी, कारण इथे हॉटेले मोजकी आहेत आणि ऐनवेळी कोणी दार उघडत नाही. इकालुइटमध्ये टॅक्सीचे भाडे माणशी ठरलेले असते आणि चालक वाटेत आणखी प्रवासी घेतो. आपल्याकडच्या सहा आसनी रिक्षाची सवय असलेल्याला त्यात काही वावगे वाटणार नाही.

दुसरा दिवस: फेरी रद्द

सकाळी नऊच्या विमानासाठी आम्ही साडेसातलाच हजर झालो. इकालुइटला आकाश निळेभोर होते. काउंटरवरच्या इन्युइट तरुणीला मुलाने विचारले, की पँगचे विमान वेळेवर आहे ना? (पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे पँगच म्हणतात.) तिने तोंडाने काही न बोलता नाक आक्रसले. मला वाटले, आमचे काहीतरी चुकले. मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी हसत समजावले, की इथे भुवया वर उचलणे म्हणजे हो आणि नाक मुरडणे म्हणजे नाही. आपल्याकडे नाक मुरडल्यावर माणूस दुखावतो. इथे ते साधे उत्तर आहे.

अडचण इकालुइटची नव्हती, पँगची होती. ते गाव एका अरुंद फ्योर्डच्या काठावर आहे. दोन्ही बाजूंना उंच डोंगर, मधून समुद्राची चिंचोळी खाडी आणि खाडीतून नळीतून फुंकल्यासारखा येणारा वारा. अशा प्रत्येक छोट्या विमानतळावर गावातलीच प्रशिक्षित माणसे रेडिओ केंद्र चालवतात. ती ठरलेल्या वेळांना बाहेर पाहून ढगांची उंची, दृश्यमानता आणि वारा कळवतात, आणि वैमानिकांशी बोलतात. त्या दिवशी पँगच्या निरीक्षकाने कळवलेला वारा मर्यादेबाहेर होता. दहाला सांगितले की अकराला कळवू, अकराला सांगितले की एकला, आणि दीड वाजता फेरी रद्द झाली.

मी 12 वर्षे अशा घोषणा स्वतः केल्या आहेत. गाडी रद्द झाल्यावर खिडकीसमोर काय होते हे मला तोंडपाठ आहे, म्हणून मी नकळत भिंतीकडे सरकून उभा राहिलो. पण कोणी आवाज चढवला नाही. एका म्हातारबुवांनी ‘अयुर्नार्मात’ एवढाच शब्द उच्चारला आणि थर्मासमधला चहा कपात ओतला. ‘इलाज नाही’ असा त्याचा अर्थ. त्यात रडगाणे नव्हते, वैतागही नव्हता; पावसाळ्यात घाटात दरड कोसळल्यावर आमचे जुने चालक गाडीचे इंजिन बंद करून ज्या स्वरात ‘चला, आता बसा’ म्हणायचे, तो स्वर होता.

त्या सहा तासांत मला पँगचा अर्धा गाव भेटला. एक जोडपे ओटावाहून डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर परतत होते. दोन मुले शाळेच्या कुठल्याशा स्पर्धेहून येत होती. आणि एका विशीतल्या मुलीच्या जाकिटाच्या टोपीखालच्या पाठीवरच्या झोळीत, अमाउती म्हणतात त्या पोशाखात, 12 दिवसांची मुलगी झोपली होती. नुनावुतमध्ये रुग्णालय एकच, तेही इकालुइटला. बाकीच्या गावांत परिचारिकांनी चालवलेली आरोग्य केंद्रे आहेत. त्यामुळे बाळंतपणाच्या काही आठवडे आधी पँगच्या बाईला विमानाने इथे यावे लागते आणि घरापासून दूर वाट पाहावी लागते. गुंतागुंत असेल तर पुढे ओटावा. ही मुलगी दीड महिन्यानंतर घरी निघाली होती. पँगची जी जी माणसे आत येत, ती आधी काउंटरकडे न जाता त्या झोळीत डोकावत. बाळाचे बारसे विमानतळावरच उरकते की काय, असे मला वाटले.

प्रवासाचा सल्ला म्हणून इतकेच सांगतो, की वेळापत्रकात दोन दिवस कोरे ठेवावेत आणि परतीचे भारताचे तिकीट त्याला लागून काढू नये. रोजची औषधे, एक गरम कपडा आणि एक दिवसाचे खाणे पाठीवरच्या पिशवीत ठेवावे. याचे महत्त्व मला तिसऱ्या दिवशी पटले.

तिसरा दिवस: पँग

सकाळी काउंटरवरच्या त्याच तरुणीने भुवया उचलल्या. आत-बाहेर कुठे सामान तपासणीचे यंत्र दिसेना, तेव्हा मी चक्रावलो. दक्षिणेकडे जाणाऱ्या विमानांसाठी सुरक्षा तपासणी आहे, गावोगावच्या फेऱ्यांसाठी नाही. नाव पुकारले की चालत जायचे आणि शिडी चढायची.

विमान एटीआर-42 जातीचे, दोन पंख्यांचे. प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि पुढच्या भागात मधली भिंत सरकवून मालाची जागा केलेली असते. माणसे जास्त असली की भिंत पुढे, माल जास्त असला की मागे. मी चढताना पुढच्या दाराने दुधाचे क्रेट, केळ्यांची खोकी, टपालाच्या थैल्या आणि एका चारचाकी मोटारसायकलचे दोन टायर आत जात होते. टपाल, पार्सल आणि प्रवासी एकाच गाडीत, ही व्यवस्था मला नवी नव्हती; फक्त आमच्याकडे टायर टपावर बांधत.

तासाभराच्या या प्रवासाची शेवटची दहा मिनिटे मी विसरणार नाही. ढगांखालून विमान कंबरलँड साउंड या आखातावर आले, तेव्हा पाण्यावर हिमनगांचे तुकडे मिठासारखे विखुरलेले दिसत होते. मग ते फ्योर्डमध्ये शिरले. खिडकीच्या बरोबरीने, हात लांब केला तर लागेल अशा भासाने, काळा कडा सरकत होता आणि धावपट्टी कुठेच दिसत नव्हती. विमान एकदम कलले, घरांच्या रंगीत भिंती वर आल्या, आणि खडीचा खडखडाट पोटाखालून ऐकू आला. कच्च्या रस्त्यावर गाडी उतरल्यावर जो आवाज येतो तोच, फक्त वेग वेगळा. नुनावुतमध्ये डांबरी धावपट्टी इकालुइट आणि रँकिन इनलेट अशा मोजक्याच ठिकाणी आहे. बाकी सगळीकडे खडी. इथली धावपट्टी 900 मीटरांच्या आसपास आहे; मुंबईच्या मुख्य धावपट्टीत ती तीनदा बसून वर जागा उरेल.

धावपट्टी गावाच्या अगदी मधोमध आहे. एका बाजूला समुद्राकडची घरे, दुसऱ्या बाजूला डोंगराकडची, मध्ये कुंपण. विमानतळाची इमारत म्हणजे एक खोली, त्यात वजनकाटा, काउंटर आणि थोड्या खुर्च्या, आणि त्या खोलीत मावेल त्याहून दुप्पट गाव. बाहेर चारचाकी मोटारसायकली आणि पिकअप गाड्या दाटीवाटीने लावलेल्या. ज्यांचे कोणी येणार नव्हते तेही आले होते, कोण आले ते पाहायला. 12 दिवसांची मुलगी दारातून आत आल्याबरोबर तिची पणजी पुढे झाली आणि गर्दी आपोआप बाजूला सरकली.

माझी बॅग आली नाही. धावपट्टी आखूड, वारा उलटसुलट, त्यामुळे विमानाला वजनाची मर्यादा असते आणि ती ओलांडली की सामान मागे राहते. केळी मात्र आली होती. नियंत्रक म्हणून विचार केला तर निर्णय योग्यच होता, कारण केळी नासतात. प्रवासी म्हणून मात्र माझा स्वेटर, मोजे आणि चकल्या इकालुइटला होत्या. बाहेर सात अंश तापमान होते. यजमानीणबाईंनी मला आपल्या दिवंगत यजमानांचे जाकीट दिले, आणि पुढचे दोन दिवस मी गावभर तेच घालून हिंडलो. लोक जाकीट ओळखून हसत.

रात्री जेवायला आर्क्टिक चार हा लाल मांसाचा मासा होता, थोडा उकडलेला आणि थोडा कच्चा गोठवलेला, सोबत पालाउगाक नावाची तव्यावर तळसर भाजलेली जाड भाकरी. उकडलेल्या माशाची चव रावसाच्या जवळची. कच्चा तुकडा मी डोळे मिटून तोंडात टाकला आणि नंतर डोळे उघडून आणखी दोन घेतले. शाकाहारी मंडळींनी डाळ-तांदूळ बरोबर न्यावेत. दुकानात भाज्या मिळतात, पण सरकारी अनुदान असूनही दर ओटावाच्या दुपटीच्या पुढेच आहेत. दारू मात्र नेऊ नये, गावात बंदी आहे.

चौथा दिवस: गावात

दिवसभर हिंडलो. 1921 साली हडसन बे कंपनीने इथे व्यापारी ठाणे घातले. लोक मात्र आखाताच्या काठाने विखुरलेल्या तळांवर राहून शिकार करीत. 1962 साली कुत्र्यांमध्ये रोगाची साथ आली, गाड्या ओढणारी कुत्री गेली, शिकारीची वाट बंद झाली आणि अनेक कुटुंबांना गावात येऊन राहावे लागले. म्हणजे ज्यांची वाहतूक बुडाली ते लोक धावपट्टीच्या गावाचे रहिवासी झाले. कलाकेंद्रात हातमागावर विणलेले भिंतीवरचे पट पाहिले. शिकारीचे, होड्यांचे, तंबूतल्या दिव्याचे. सौ.साठी क्रोशाची लोकरी टोपी घेतली, जी सगळ्या उत्तरेत ‘पँग हॅट’ म्हणून ओळखली जाते.

ड्युवल नदीवरच्या पुलापाशी यजमानीणबाईंच्या नातीने 2008 च्या जूनमधला पूर सांगितला. नदीने काठाची गोठलेली जमीनच कापून नेली आणि दोन्ही पूल निकामी झाले. तिच्या आठवणीतली दुसरी घटना 2015 च्या एप्रिलमधली, वीजकेंद्राला आग लागली तेव्हाची. समुद्र गोठलेला, रस्ता नाही. तात्पुरते जनरेटर आले ते याच खडीच्या पट्टीवर. विमानतळ गावाबाहेर मोठ्या जागेवर न्यावा, ही चर्चा जुनीच आहे. पण फ्योर्डच्या काठी सपाट जागा काढायची कुठून? ‘आणि मग कोण आलं ते आम्हाला घरातून कसं दिसणार?’ असे बाई म्हणाल्या. तो मुद्दा कोणत्याही अहवालात नसेल, पण मला तो पटला.

खाडीत मालवाहू जहाज नांगरून उभे होते आणि भरतीच्या वेळी तराफ्यांवरून पिठाची पोती, फर्निचर, बर्फावरच्या मोटारसायकली किनाऱ्यावर येत होत्या. वर्षाची ही भरणी लोक वसंतातच मागवून ठेवतात. जे जड आणि टिकाऊ ते जहाजाने, जे नाशवंत किंवा निकडीचे ते विमानाने, हा हिशेब गावातल्या प्रत्येक गृहिणीला येतो.

संध्याकाळी मी कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. ग्रेडर खडी सारखी करीत होता. खाली जमीन कायम गोठलेली, वरचा थर उन्हाळ्यात सैल होतो, म्हणून पट्टी सतत दाबावी आणि सपाट करावी लागते. नऊ वाजून गेले तरी उजेड होता. रात्री दोनच्या सुमारास विमानाच्या आवाजाने जाग आली. बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या वेळी येणारे विमान एकाच कामासाठी येते. आरोग्य केंद्राची गाडी धावपट्टीकडे गेली, दिवे हलले, अर्ध्या तासाने विमान उठले. बाईंनी कोणाला फोन केला नाही. सकाळी रेडिओ लावला, ऐकला, आणि शेजारी भाकरी पोचवायला गेल्या.

इथून जवळच्या ऑयुइत्तुक राष्ट्रीय उद्यानात जाण्यासाठी येणाऱ्यांनी आधी नोंदणी करून उद्यान कार्यालयाची माहिती-बैठक पूर्ण केली पाहिजे. तिथे ध्रुवीय अस्वलांचा आणि नद्या ओलांडण्याचा धोका खरा आहे. कोणाच्याही घरात जाताना पादत्राणे बाहेर काढावीत आणि माणसांचे फोटो विचारून घ्यावेत. ही दोन्ही पथ्ये आपल्याला शिकवावी लागू नयेत.

पाचवा दिवस: परत

परतीचे विमान दीडला सुटायचे होते. दीडला वारा होता. खोलीत तीच गर्दी, फक्त या वेळी आमच्याकडे पाहून मान हलवणारे ओळखीचे चेहरे. इकालुइटच्या नातेवाइकांसाठी गोठवलेल्या माशांची खोकी वजनकाट्यावर चढत होती, प्रत्येकावर जाड शाईत नाव आणि गाव. अडीचच्या सुमारास विमान उतरले, पुढचे दार उघडले, आणि टपालाच्या थैल्यांमागून माझी बॅग बाहेर आली.

मुलाला हसू आवरेना. मी ती तिथेच खडीवर उघडली, चकल्यांचा डबा काढला आणि बाईंच्या हातात दिला. त्यांनी डबा उघडला, एक मोडून तोंडात टाकली आणि भुवया वर उचलल्या. मग त्यांच्या यजमानांचे जाकीट काढून परत केले, माझा स्वेटर चढवला, आणि बॅग पुन्हा पुढच्या दाराने आत गेली. पँगला ती जेमतेम वीस मिनिटे राहिली.

खुर्चीत बसल्यावर जुन्या सवयीने खिशातली वही काढून लिहिले: पँगनर्टंग ते इकालुइट. सुटण्याची ठरलेली वेळ 13.30. प्रत्यक्ष 15.05. उशिराचे कारण: वारा. प्रवाशांची तक्रार: नाही.